हप्ता कोण भरणार?

रविवारचे वर्तमानपत्र घरात वाटून वाचले जाते. पुरवणी एकीच्या हातात, खेळाचे पान नातवाकडे आणि मुख्य अंक आजोबांच्या चष्म्यासमोर. या वाटणीत दोन मजकूर सहसा एकमेकांशेजारी येत नाहीत. एक असतो पानभर रंगीत जाहिरातीचा. हिरवळ, पोहण्याचा तलाव, हसणारे चौकोनी कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत गुंतवणुकीची सुवर्णसंधी. दुसरा असतो आतल्या पानावर, मुंगीएवढ्या टायपात. त्याचे शीर्षक ‘ताबा सूचना’. कर्जदाराचे नाव, सहकर्जदाराचे म्हणजे बहुधा पत्नीचे नाव, जामीनदार असल्यास त्याचे नाव, थकलेली रक्कम, आणि मग सदनिकेचे वर्णन : अमुक मजला, अमुक चौरस फूट, पूर्वेला जिना, पश्चिमेला रस्ता.

ही सूचना बँक हौसेने छापत नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज बुडीताच्या वाटेला लागले असे धरले जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस जाते आणि तरीही पैसे आले नाहीत, तर दिवाणी दावा न लावता बँक तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. ताबा घेतल्याचे दोन वर्तमानपत्रांत छापावे लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. म्हणून ती नावे आपल्यापर्यंत मराठीत येतात.

मी बँकेत अधिकारी असताना पहिल्या मजकुराला भुललेल्यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत, आणि काही वर्षांनी त्यांतलीच थोडी दुसऱ्या मजकुरासाठीही येत. त्यामुळे निवृत्तीनंतरही ही दोन पाने मी शेजारी ठेवूनच वाचतो.

गेल्या पावसाळ्यात माझे एक स्नेही सकाळीच घरी आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोथरूडला स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट, कर्ज कधीच फिटलेले. हातात प्लॅस्टिकची फाइल. म्हणाले, “तुम्ही बँकेतले. जरा कागद बघता का? मुलगा म्हणतो, बाबा, तुमचा फ्लॅट नुसताच पडून आहे, त्याचा उपयोग करू.” फ्लॅट पडून नव्हता, ते आणि त्यांची पत्नी त्यात राहत होती. पण मुलाच्या हिशेबात ज्यावर कर्ज नाही ते घर म्हणजे झोपलेले भांडवल. वडिलांचे घर तारण ठेवायचे, त्या पैशांतून हिंजवडीच्या पलीकडे दोन फ्लॅटांचे स्वतःचे हिस्से भरायचे, उरलेल्यासाठी गृहकर्ज काढायचे आणि पाच वर्षांनी दोन्ही विकायचे. तिन्ही कर्जे मिळण्यासारखी होती, कारण मुलाचा पगार चांगला होता. फाइलमध्ये बँकेचे तत्त्वतः मंजुरीचे पत्रही होते. “बँक देते आहे म्हणजे व्यवहार चांगलाच असणार ना?” स्नेह्यांनी विचारले.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

टिपणात नसलेला रकाना

कर्जमंजुरीचे टिपण मी आयुष्यात किती लिहिले याची गणती नाही. त्यात काय असते? अर्जदाराचे वय, नोकरी, पगारपत्रक, इतर देणी, हातात पडणाऱ्या पगाराशी हप्त्याचे प्रमाण. मालमत्तेचा शोध अहवाल, म्हणजे मालकी निर्वेध आहे की नाही. मूल्यांकन करणाऱ्याचा दाखला, म्हणजे उद्या विकायची वेळ आली तर किती येतील. बस्स. ‘या फ्लॅटची किंमत पाच वर्षांत वाढेल काय?’ असा रकाना त्या टिपणात नसतो. ‘यातून अर्जदाराला फायदा होईल काय?’ हाही नसतो. बँक एवढेच पाहते की तिचे पैसे परत येतील का. तुमचे पैसे तुम्हाला परत येतील का, हे पाहणे तुमचे काम.

आणि बँकेचे पैसे कुठून परत यायचे असतात? फ्लॅटमधून नव्हे, तुमच्या पगारातून. फ्लॅट हा पगार चुकला तर घ्यायचा आधार. म्हणून मंजुरीपत्र हे तुमच्या पगाराला मिळालेले प्रशस्तिपत्र असते. व्यवहाराला मिळालेले नसते.

राहते घर आणि दुसरे घर

आपल्या मध्यमवर्गाला कर्जाची भीती वाटे तो काळ फार जुना नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत घर होई ते निवृत्तीच्या वेळी, भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून. हसमुखभाई पारेख यांनी आयसीआयसीआयमधल्या कारकिर्दीनंतर १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना केली, १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली आणि पगारदार माणसाला उमेदीच्या वयात घर घेणे हळूहळू शक्य झाले. हे मोठेच सामाजिक कार्य झाले. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेली लाखो कुटुंबे त्या हप्त्यांवर उभी आहेत.

राहत्या घराच्या कर्जात एक शहाणपण दडलेले असते. हप्ता सुरू होतो तेव्हा भाडे थांबते. किंमत वाढली काय, घटली काय, छप्पर तुमच्या डोक्यावर असते आणि ते विकायचे तुमच्या मनात नसते. बाजार पडला तरी संध्याकाळी दिवा त्याच घरात लागतो.

दुसऱ्या, गुंतवणुकीच्या घराचे कर्ज त्याच छापील अर्जावर मिळते, त्याच टेबलावर मिळते, पुष्कळदा जवळपास त्याच दराने मिळते. म्हणून ते तसेच वाटते. पण इथे थांबणारे भाडे नाही. उलट येणारे भाडे आहे आणि ते हप्त्याच्या मानाने अगदी तोकडे असते. उरलेला हप्ता कोणी भरायचा? माझ्या पहिल्या व्यवस्थापकांनी मला शिकवलेला हा एकच प्रश्न : “हप्ता घर भरणार की माणूस?” घर भरत असेल तर तो धंदा. माणूस भरणार असेल तर तो माणूस किती वर्षांचा, त्याची नोकरी किती पक्की, घरात खाणारी तोंडे किती, हे आधी विचारायला हवे.

पन्नास लाखांचा हिशेब

कागदपेन्सिल घेऊन एकदा बसू. पन्नास लाखांचा फ्लॅट. तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे, म्हणजे कर्ज ४० लाख आणि स्वतःचे १० लाख. शिवाय पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, म्हणजे आणखी ३ लाख ८० हजार. हे स्वतःच्याच खिशातून जातात. खिशातून एकूण गेले १३ लाख ८० हजार.

व्याज ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली तर हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३०० व्याजाचे, मुद्दलाचे केवळ ६,४००. असल्या फ्लॅटला महिना १३ हजार भाडे आले असे धरू. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, भाडेकरू ठेवल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना आणि रंगरंगोटी वजा करा. हातात साडेनऊ हजार राहिले तरी चांगले म्हणायचे. म्हणजे दरमहा २५ हजार, वर्षाला ३ लाख, पगारातून घालायचे.

पाच वर्षांनी काय स्थिती? हप्त्यांपोटी २० लाख ८० हजारांहून अधिक भरून झालेले असतात, पण मुद्दल कमी झालेले असते जेमतेम पावणेपाच लाखांनी. ३५ लाख २५ हजार शिल्लक. आता फ्लॅट विकायचा. बँकेचे फेडून, सुरुवातीचे १३ लाख ८० हजार आणि पाच वर्षांत घातलेले १५ लाख परत यायला फ्लॅट ६४ लाखांना जायला हवा. ही फक्त बरोबरी. हेच पैसे साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले असते तर जे मिळाले असते तेवढे मिळवायचे, तर ७२ लाख यायला हवेत. म्हणजे किंमत दर वर्षी साडेसात टक्क्यांनी, एकही वर्ष न चुकता, चढायला हवी. त्यापुढे चढली तर तो नफा. दलाली आणि प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही.

पूर्वी अशा वेळी ‘कर तर वाचतो ना’ असे एक उत्तर मिळे. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे सगळे व्याज पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येई, आणि कित्येकांनी दुसरा फ्लॅट घेतला तो केवळ त्यासाठी. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून ही वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंत मर्यादित झाली. नव्या करप्रणालीत तर घराचा तोटा पगारातून वजाच होत नाही.

एजंट मात्र वेगळा हिशेब मांडतो आणि तो खोटा नसतो, अर्धा असतो. तो म्हणतो, “दहा लाख घालून पन्नास लाखांची वस्तू तुमची झाली. किंमत दहा टक्के वाढली तर पाच लाख सुटले, म्हणजे तुमच्या पैशावर पन्नास टक्के!” बरोबर आहे. पण किंमत दहा टक्के उतरली तर तुमच्या दहा लाखांतले पाच गेले, हे वाक्य तो गिळतो. कर्ज ही तरफ आहे. ती उचलते त्याच जोराने खालीही आणते.

माझा बदलापूरचा फ्लॅट

हे सारे मला बँकेत बसून कळले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी कंपन्या मुंबईत जागा शोधू लागल्या आणि १९९५ पर्यंत मुंबईतल्या जागांचे भाव असे भडकले, की जेवणाच्या सुट्टीत डब्यांभोवती दुसरा विषय नसे. मीही बदलापूरला एक खोली-किचन घेतले, २ लाख ८० हजारांना. माझे स्टाफ लोन राहत्या घरासाठी वापरून झाले होते. म्हणून बाहेरून २ लाखांचे कर्ज काढले, १५ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. उरलेल्या ८० हजारांत माझी पुंजी होती आणि पत्नीच्या पाटल्या होत्या. “तीन वर्षांत दुप्पट पाटल्या करून देतो,” असे मी तिला म्हणालो होतो.

भाव तिथेच शिखरावर होते, हे मला नंतर कळले. १९९६ पासून ते उतरू लागले आणि २००३ पर्यंत बाजार झोपूनच राहिला. माझा हप्ता होता २,८०० रुपये, भाडे मिळे सातशे, तेही वर्षातून आठ-नऊ महिने. आठ वर्षांत मी सुमारे २ लाख ६९ हजार हप्त्यांत भरले. तरीही १ लाख ४५ हजार बाकी होते. २००३ मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पैसे लागले तेव्हा तो फ्लॅट २ लाख ४० हजारांना विकला. कर्ज फेडून ९५ हजार हातात आले.

आता गंमत पाहा. मी विकला, आणि पुढच्याच काही वर्षांत भाव भराभर चढले. त्या सुमारास पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत घेणाऱ्यांचे पैसे पाच वर्षांत दुपटी-तिपटीने वाढले. ते माझ्याहून हुशार होते असे नाही, मीही त्यांच्याहून मूर्ख नव्हतो. त्यांना वेळ साधली. मात्र एक फरक मी मान्य करतो. मला विकावे लागले ते बाजार पडला म्हणून नव्हे, घरात गरज उभी राहिली म्हणून. कर्ज नसते तर तो फ्लॅट मी आणखी पाच वर्षे नुसता कुलूप लावून ठेवला असता. कर्जाने घेतलेल्या गुंतवणुकीत थांबण्याचा हक्क तुमच्याकडे नसतो. तो बँकेकडे आणि तुमच्या गरजेकडे असतो.

पाटल्या नंतर मी केल्या, पण निवृत्तीच्या पैशांतून. त्या हातात घालताना पत्नी काही बोलली नाही. हप्त्यांच्या त्या आठ वर्षांतही ती कधी काही बोलली नव्हती. रविवारची मटणाची पिशवी तेवढी हलकी झाली होती.

दर आणि ताबा : दोन्ही आपल्या हातात नाहीत

माझ्या वेळी दर ठरावीक होता. आज बहुतेक गृहकर्जे तरत्या दराची आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरती कर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाला बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये कोणी ३० लाख ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले असतील तर हप्ता होता सुमारे २२,८००. अडीच टक्के वाढ झाल्यावर वर्षभरानंतरच्या बाकीवर महिन्याचे व्याजच होते साडेबावीस हजारांच्या वर. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात महिन्याला अडीचशे रुपयेसुद्धा धड जमा व्हायचे नाहीत, आणि राहिलेली १९ वर्षे गणिताने चाळिशीच्या पुढे जायची. पन्नाशीतल्या कर्जदाराला हे सांगण्याचा प्रसंग कोणत्याही अधिकाऱ्यावर येऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलला तर परिणाम काय होईल हे ग्राहकाला कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय त्याला द्या. २०२५ मध्ये दर खाली आले, हे खरे. पण जे खाली येते ते वर जाऊ शकते, एवढे त्या दोन वर्षांनी शिकवले.

दुसरी गोष्ट ताब्याची. बांधकाम चालू असताना कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने बिल्डरकडे जाते आणि व्याज पहिल्या टप्प्यापासून चालू होते. ‘ताब्यापर्यंत हप्ता नाही’ या योजनांत ते व्याज बिल्डर भरणार असे ठरलेले असते, पण कर्जावर सही तुमची असते. बिल्डर भरायचा थांबला की बँक त्याला नाही, तुम्हाला पत्र पाठवते. म्हणूनच २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेच पैसे सोडा, असे बँकांना बजावले आणि २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना असल्या योजनांपासून दूर राहायला सांगितले. दिल्लीच्या आसपास हजारो कुटुंबे याच जाळ्यात अडकली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बिल्डर-बँक व्यवहारांची सीबीआयकडून चौकशी करण्याचा आदेश दिला.

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा आहे, आणि त्याने मोठा आधार दिला आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, चटईक्षेत्र सांगावे लागते, ताबा लांबला तर व्याज मागता येते. पण तो निकाल येईपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता तुमच्याच खात्यातून जातो.

घ्यायचेच असेल तर

दुसरे घर कर्जाने घेऊच नये, असे मी म्हणत नाही. ज्यांनी समजून घेतले त्यांची म्हातारपणी भाड्याने सोय झालेली मी पाहिली आहे. पण माझे काही नियम आहेत. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घ्यावा, म्हणजे भाडे पहिल्या महिन्यापासून येते. स्वतःचा हिस्सा निम्मा असावा, निदान चाळीस टक्के. सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या ठेवीत बाजूला असावेत आणि त्या ठेवीला लग्नकार्यातही हात लावू नये. दर दोन टक्के वाढला असे धरून हप्ता काढावा आणि तो झेपत असेल तरच सही करावी. कर्ज निवृत्तीच्या आधी संपावे. तरत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड आता लागत नाही, तेव्हा बोनस आला की आधी मुद्दलात भरावा. पत्नीला सहकर्जदार करण्यापूर्वी हा सारा हिशेब तिच्यासमोर मांडावा. तिची सही म्हणजे निम्मी नव्हे, पूर्ण जबाबदारी असते.

आणि शेवटचा नियम, ज्याला मी अपवाद करत नाही : ज्या छपराखाली म्हातारी माणसे झोपतात ते गुंतवणुकीसाठी तारण ठेवू नये. आजारपणासाठी ठेवा, शिक्षणासाठी ठेवा. भाव वाढेल या आशेवर ठेवू नका.

हे सगळे मी त्या दिवशी स्नेह्यांना त्यांच्याच फाइलच्या पाठीमागे आकडे मांडून दाखवले. तिन्ही कर्जांचा मिळून हप्ता मुलाच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या साठ टक्क्यांवर जात होता. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण नाही म्हटले तर त्याला वाटेल, बाबांचा माझ्यावर विश्वास नाही.” यावर माझ्याकडे आकडा नव्हता. मी एवढेच म्हणालो, “विश्वास मुलावर ठेवा. बाजारावर कशाला?”

महिन्याभराने ते रस्त्यात भेटले. मूळ करारनामा आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कपाटातच होते. मुलगा तीन आठवडे नीट बोलत नव्हता. मग एका रात्री त्यांनी मुलाला आणि सुनेला बसवून तोच हिशेब पुन्हा मांडला. सुनेने आकडे पाहिले आणि विचारले, “म्हणजे पाच वर्षे आमच्या घरात नवीन काहीच करायचे नाही?” बोलणे तिथे थांबले. आता ती दोघे एकच लहान, तयार फ्लॅट शोधताहेत, स्वतःच्या बचतीत बसेल तसा. तोवर दरमहा पंचवीस हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, म्हणजे हप्ता भरायची सवय आधी होईल आणि कर्ज नंतर काढता येईल, असे सुनेनेच सुचवले म्हणे.

“तिला तुमच्या बँकेत घ्यायला हवे होते,” स्नेही हसून म्हणाले. मला ते पटले.